हॉटेलवर ईव्ही चार्जर बसवायचा तर काम कुणाला द्यायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी असा समजलो. कराडच्या अलीकडे राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागून तुमचं हॉटेल आहे, वर चौदा खोल्यांचं लॉजिंग. विजेवरच्या मोटारींसाठी (ईव्ही) ३० किलोवॅटचा एक डीसी (झटपट भरणारा) आणि ७.४ किलोवॅटचे दोन एसी (सावकाश भरणारे) चार्जर बसवायचे आहेत. तीन कोटेशनं आलीत. चार्जर विकणारी कंपनी म्हणते ‘इन्स्टॉलेशन फुकट’. पंधरा वर्षं तुमच्या हॉटेलचं काम बघणारा वायरमन म्हणतो ‘आपणच करू की, त्यात काय एवढं’. आणि पुण्याचा एक कॉन्ट्रॅक्टर वायरमनच्या दुप्पट आकडा सांगतो. यातला खरा जाणकार कोण आणि आपल्यासारख्या हॉटेलवाल्याने तो ओळखायचा कसा, हे तुम्हाला हवंय.

मी सांगली-सातारा पट्ट्यात बावीस वर्षं लायसन्सवर कामं करतोय. पेट्रोल पंप, कोल्ड स्टोरेज, मंगल कार्यालयं, आणि गेली काही वर्षं चार्जर. म्हणजे मीही याच धंद्यातला, तेव्हा माझं बोलणं त्या हिशोबानेच घ्या.

पहिली गोष्ट. चार्जर बसवणं हे काम फार मोठं नाही. एसी चार्जर म्हणजे भिंतीवर चार स्क्रूंनी टांगायची पेटी. तीन वायरी जोडल्या की झालं. अवघड आहे ते त्या पेटीच्या मागचं: मीटरपासून पार्किंगपर्यंत जे काही जमिनीत, भिंतीत आणि पॅनेलमध्ये आहे ते. म्हणून ‘चार्जर कोण बसवेल’ असं न विचारता ‘माझ्या हॉटेलच्या सगळ्या वायरिंगवर एवढा लोड आला तर त्याची जबाबदारी सहीनिशी कोण घेईल’ असं विचारा. तिन्ही कोटेशनं या नजरेने पुन्हा वाचलीत तर निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

लोडचं गणित आधी करू. मंजूर भार २० किलोवॅट, थ्री फेज, असं तुम्ही लिहिलंय. किचनमधले डीप फ्रीजर, ग्राइंडर, खोल्यांतले गिझर, चार एअर कंडिशनर आणि बोअरची मोटार धरली तर सणासुदीच्या संध्याकाळी तुम्ही त्या २० च्या आसपास आत्ताच जात असणार. त्यात ३० चा डीसी आणि ७.४ चे दोन एसी, म्हणजे जवळजवळ ४५ किलोवॅट. हॉटेलच्या दुपटीपेक्षा जास्त लोड तुम्ही त्याच डोक्यावर ठेवताय. एकटा डीसी चार्जर पूर्ण ताकदीने चालला तर प्रत्येक फेजवर साधारण ४५ अँपिअर ओढतो, आणि ७.४ चा एसी एकाच फेजवर ३२.

तिघांपैकी कुणी तुम्हाला वीजबिल मागितलं का? मागच्या बारा महिन्यांची बिलं, मीटरजवळच्या मेन स्विचचा फोटो, डीपी (तुमच्या लाइनचा ट्रान्सफॉर्मर) कुठे आहे, किती केव्हीए क्षमतेची आहे, तिच्यावर अजून कोण आहे? हे न विचारता ज्याने आकडा सांगितला त्याने अंदाजपंचे दाहोदर्से केलंय. दुप्पट आकडा सांगणाऱ्याने हे विचारलं असेल तर त्याचा आकडा महाग नसेलही. आणि त्यानेही विचारलं नसेल, तर तो नुसताच महाग आहे.

आता महावितरणची बाजू. व्यापारी वर्गवारीत २० किलोवॅट ही एक रेघ आहे. ती ओलांडली की स्थिर आकार ठरावीक रकमेऐवजी केव्हीए मागणीवर, म्हणजे एका वेळी किती भार ओढता त्यावर लागायला लागतो, आणि अख्ख्या हॉटेलच्या बिलाचा ढाचाच बदलतो. आहे त्याच कनेक्शनचा भार वाढवून चार्जर लावले तर इडली-वड्याच्या ग्राइंडरलाही तो भुर्दंड बसतो. दुसरा रस्ता म्हणजे चार्जरसाठी वेगळं कनेक्शन, वेगळं मीटर. ईव्ही चार्जिंगसाठी राज्यात २०१८ पासून स्वतंत्र वर्गवारी आहे आणि तिचा दर व्यापारी दरापेक्षा आजवर कमीच राहिलाय. सार्वजनिक चार्जिंगसाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हेही केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. त्यामुळे डीसी लावायचाच असेल तर माझं मत स्वच्छ आहे: वेगळं कनेक्शन घ्या. फक्त लॉजिंगच्या पाहुण्यांसाठी एखादा एसी चार्जर लावायचा असेल तर तो आहे त्या मीटरवरही चालतो, भार तेवढा वाढवून घ्या.

वेगळ्या कनेक्शनला वेळ लागतो. तुमच्या डीपीवर जागा असेल तर काम महिन्या-दोन महिन्यांत होऊ शकतं. जागा नसेल तर नवी डीपी उभी करायची वेळ येते. ती डीडीएफमध्ये, म्हणजे स्वतःच्या खर्चाने करायची झाली तर तो आकडा चार्जरच्या किमतीच्या बरोबरीला जाऊ शकतो. हे सगळं तुमच्या जागेवर अवलंबून आहे, इथे बसून कुणी सांगू शकणार नाही. पण एक क्रम पाळा: महावितरणचं फर्म कोटेशन हातात आल्याशिवाय चार्जरची ऑर्डर देऊ नका. गोडाऊनमध्ये खोक्यात पडलेले आणि वीज येईपर्यंत वॉरंटीचे सहा-आठ महिने खाऊन बसलेले चार्जर मी दोन ठिकाणी पाहिलेत.

आता लायसन्स. इथे लोकांचा फार गोंधळ होतो. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र हे शिक्षण झालं. तेवढ्यावर व्यावसायिक जागेचं काम अंगावर घेता येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेबाबतचे २०२३ चे विनियम सांगतात की बल्ब, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंगचं काम राज्याचं लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, आणि परवानाधारक माणसांकडूनच करायचं. आपल्याकडे हे परवाने मुख्य विद्युत निरीक्षकांच्या अखत्यारीतलं अनुज्ञापक मंडळ देतं. म्हणजे कागद तीन: कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स, पर्यवेक्षकाचा परवाना, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याचा तारतंत्रीचा परवाना. तिन्हींवरची मुदत बघा. शंका आली तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात लायसन्स नंबर घेऊन चौकशी करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

महावितरणकडे अर्ज करताना जो टेस्ट रिपोर्ट लागतो तो लायसन्सधारकाच्या सही-शिक्क्याचाच लागतो. आणि इथेच आमच्या धंद्यातली एक वाईट खोड आहे, ती आमचाच माणूस म्हणून सांगतो: सही भाड्याने मिळते. काम एक करतो आणि टेस्ट रिपोर्टवर सही करणारा तुमच्या गावात पाऊलही टाकत नाही. म्हणून लायसन्सची झेरॉक्स मागून थांबू नका. ज्याची सही आहे तो माणूस निदान दोनदा जागेवर आला पाहिजे, एकदा काम सुरू होण्याआधी आणि एकदा चार्जर चालू करताना. हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या. बहुतेक भाडोत्री सह्या या एका ओळीवरच गळतात.

पण लायसन्स असलेल्या प्रत्येकाला चार्जरचं काम येतंच असं नाही. माझं लायसन्स जुनं होतं आणि पहिल्या चार्जरला मी स्वतः दोन चुका केल्या होत्या. गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि थांबतो, मिक्सर दोन मिनिटं. मोटारीची ४०-४५ युनिटांची बॅटरी एसी चार्जरवर भरायला सहा-सात तास लागतात, आणि त्यातला बहुतेक वेळ चार्जर पूर्ण ३२ अँपिअर ओढत असतो. आम्ही वायरमन लोकांनी आयुष्यभर जे ठोकताळे वापरले ते थांबून-थांबून चालणाऱ्या लोडचे होते. मी पहिल्यांदा ३२ अँपिअरचीच एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) टाकली होती, तीही पत्र्याच्या बंद पेटीत, पश्चिमेच्या भिंतीवर. मे महिन्यात दुपारी तीनला ती रोज पडायची. एमसीबी बिघडली म्हणून मी ती बदलली, नवीही पडली. मग पेटीत हात घातला आणि चटका बसला तेव्हा डोक्यात उजेड पडला. ४० ची एमसीबी, त्याला साजेशी केबल, पेटीला सावली आणि हवा, एवढ्यावर ते मिटलं. दुसरी चूक लगची, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीची. ते दाबणं (क्रिम्पिंग) मी साध्या पक्कडीनेच केलं होतं, हत्यार दुसऱ्या साइटवर होतं म्हणून. दोन महिन्यांत न्यूट्रलचा लग काळा पडला. तेव्हापासून चार्जर तासभर पूर्ण लोडवर चालवून प्रत्येक जोडावर तापमापकाची गन धरल्याशिवाय मी साइट सोडत नाही.

केबलचंही तेच. तुमचं पार्किंग पॅनेलपासून ६० मीटरवर आहे. ७.४ ला ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर चालते, असं कुणीही सांगेल, आणि दहा-पंधरा मीटरला ते खरंही आहे. ६० मीटरवर, जाऊन-येऊन १२० मीटरच्या वायरीत ३२ अँपिअरला जवळजवळ १२ व्होल्ट पडतात, म्हणजे पाच टक्के. १० स्क्वेअर घेतली तर सात व्होल्ट. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज मुळातच २०० ला टेकत असेल तर हा फरक चार्जर चालण्या-न चालण्याचा फरक आहे. कोटेशनमध्ये ‘केबल – आवश्यकतेनुसार’ असं लिहिलेलं दिसलं की तिथेच बोट ठेवा. किती स्क्वेअर, तांबं की ॲल्युमिनियम, आर्मर्ड (पोलादी कवचाची) की साधी, किती मीटर, चर किती खोल, हे सगळं आकड्यांत पाहिजे. ‘फुकट इन्स्टॉलेशन’ची खाली बारीक अक्षरांतली अट वाचली का? बहुतेकदा त्यात पाच-दहा मीटर केबल असते आणि पुढे ‘साइट तयार ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी’. तुमच्या बाबतीत जे अवघड आहे ते सगळं त्या ‘साइट तयार ठेवणे’ या तीन शब्दांत बसलंय.

आणि आता अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणारी जोडणी. माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रश्नाचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं लांबवतो.

चार्जर हा शहाणा प्राणी आहे. चालू होण्याआधी तो बघतो की अर्थ आहे का, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट आहेत. ते जास्त असतील तर लाल दिवा लावून बसतो. आपल्या गावाकडच्या लाइनवर हे सर्रास होतं. फेजवरचा लोड असमान, डीपीचं अर्थिंग वाळलेलं, आणि हॉटेल बांधताना घातलेला अर्थपिट (अर्थिंगचा खड्डा) फरशीखाली गाडला गेलेला, कुठे ते मालकालाही आठवत नाही. मग चार्जर चालू होत नाही, मालक मागे लागतो, पाहुणा खोळंबलेला असतो. अशा वेळी नवखा माणूस एक ‘जुगाड’ करतो. चार्जरच्या अर्थ टर्मिनलला न्यूट्रलमधून छोटा तुकडा जोडतो. चार्जर खूश, दिवा हिरवा, मालक खूश.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला एका लॉजमालकाचा फोन आला. पाहुण्याला मोटारीचं दार उघडताना मुंग्या आल्या होत्या. जाऊन पाहिलं. दार आणि ओली जमीन यांच्यामध्ये मीटर लावला तर ११० व्होल्ट. चार्जरला अर्थची वायरच नव्हती, होता तो न्यूट्रलचा तुकडा, आणि तोही आरसीसीबीच्या (गळती झाली की वीज तोडणाऱ्या खटक्याच्या) आधीच जोडलेला, म्हणजे आरसीसीबीला या गळतीचा पत्ताच नाही. आदल्या रात्रीच्या वाऱ्यात डीपीकडचा न्यूट्रल सैल झाला होता. न्यूट्रल सुटला की हॉटेलातल्या चालू उपकरणांतून फेज त्या न्यूट्रलवर उलटा येतो, आणि न्यूट्रल मोटारीच्या पत्र्याला जोडलेला. मोटार टायरवर उभी, म्हणून तोवर कुणाला कळलं नाही. त्या पाहुण्याच्या पायात बूट होते. ज्याने तुकडा जोडला तो वाईट माणूस नव्हता हो, चांगला वीस वर्षांचा वायरमन. त्याला चार्जर लाल दिवा का लावतो हेच कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून कोटेशन देणाऱ्याला मी सांगतो तो एकच प्रश्न विचारा, चहा देता देता, सहज: ‘चार्जरने अर्थ फॉल्ट दाखवला तर काय कराल?’ जो म्हणेल ‘न्यूट्रल लूप मारतो, होतं चालू’, त्याला चहा पाजून निरोप द्या. जो म्हणेल ‘अर्थ टेस्टर लावून पिटाचं रीडिंग घेईन, न्यूट्रल-अर्थमधले व्होल्ट तपासेन, लोड तिन्ही फेजवर वाटून बघेन, नाहीतर महावितरणला डीपीचं अर्थिंग बघायला सांगेन’, तो तुमचा माणूस.

तुमच्या जमिनीबद्दल एक गोष्ट. नदीकडेची काळी माती असेल तर अर्थ सहज मिळतो. टेकडीच्या पायथ्याची जागा असेल तर वर मुरूम आणि खाली कातळ, तिथे एका पिटावर भागत नाही. दोन-तीन पिट अंतरावर घेऊन एकमेकांना जोडावे लागतात. पद्धत आयएस ३०४३ मध्ये दिलेली आहे. मी चार्जरसाठी ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करतो, पण अंतिम आकडा चार्जरच्या पुस्तिकेत असेल तो. रीडिंग ऑगस्टमध्ये घेऊन कुणी छाती फुगवत असेल तर त्याला मे महिन्यात पुन्हा बोलवा. ओल्या जमिनीत सगळेच पिट पास होतात.

दुसरा प्रश्न आरसीसीबीचा. प्रत्येक चार्जिंग पॉइंटला त्याची स्वतःची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पाहिजे, आणि ती निदान टाइप ए. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘आरसीसीबी द्या’ म्हटलं तर बहुधा टाइप एसी हातात पडते. मोटारीत एसीचं डीसी होतं, आणि त्यात बिघाड झाला तर डीसी गळती मागे येऊ शकते. टाइप एसी थोड्या डीसीनेही बधिर होऊ शकते, आणि ६ मिलिअँपिअरच्या वर ती गेली की टाइप एचाही भरवसा राहत नाही. खटका वर दिसतो, टेस्टचं बटण दाबलं तर कधी पडतोही, पण वेळेला पडेल याची खात्री नाही. म्हणून एकतर चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारी सोय पाहिजे आणि बाहेर टाइप ए, नाहीतर सरळ टाइप बी. टाइप बी महाग पडते. चार्जरच्या माहितीपत्रकात ही सोय आहे की नाही ते लिहिलेलं असतं. कॉन्ट्रॅक्टरला हे विचारल्यावर त्याने माहितीपत्रक मागितलं तर चांगलं लक्षण.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत उतरवणारं उपकरण) हवाच, वळवाच्या पावसात आपल्याकडे काय होतं ते तुम्ही जाणता. दोन एसी चार्जर दोन वेगळ्या फेजवर टाका आणि गिझरचा मोठा गठ्ठा तिसरीवर. डीजी सेटवर (जनरेटरवर) चार्जर येणार नाही अशी व्यवस्था चेंजओव्हरच्या, म्हणजे लाइन-जनरेटर बदलायच्या स्विचच्या, आधीच करून घ्या, नाहीतर लाईट गेली की एका मोटारीपायी किचन बंद पडेल. सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर वर हवं, मोटार उभी राहते ती जागा पॉइंटपासून ५ मीटरच्या आत हवी, आणि एक्स्टेन्शन बोर्ड किंवा अडॅप्टर चालत नाही. हे नियमच आहेत. जाता जाता, तुमच्या लॉजमध्ये आत्ताच कुणी ना कुणी खिडकीतून एक्स्टेन्शन टाकून स्कूटर चार्ज करत असणार. बघून या. मोठे चार्जर येईतोवर दुचाकींसाठी वेगळ्या आरसीसीबीवरचे १६ अँपिअरचे दोन पक्के पॉइंट काढून द्या. खर्च किरकोळ आहे आणि आजचा धोका तिथे आहे.

तुम्ही विचारलेलं नाही, पण चार्जरच्या यादीबद्दलही बोलतो. कुणी २२ किलोवॅटचा थ्री फेज एसी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक मोटारी एसीवर सातच्या आसपासच घेतात, काही नव्या ११ पर्यंत. २२ ची पेटी त्यांना जास्त देऊ शकत नाही, कारण मर्यादा मोटारीतल्या चार्जरची असते. तुमचे दोन ७.४ लॉजिंगला एकदम बरोबर आहेत, रात्रभरात मोटार भरते. जेवायला थांबणाऱ्याला मात्र त्यांचा उपयोग नाही. चाळीस मिनिटांत पाच युनिटही जात नाहीत, म्हणजे तीसेक किलोमीटर. त्याला डीसी लागतो. ३० चा डीसी तेवढ्याच वेळात वीस युनिटं देतो, शंभरच्या वर किलोमीटर सहज. पण डीसीचा पैसा, त्याचं कनेक्शन आणि देखभाल या वेगळ्याच पातळीच्या गोष्टी आहेत. मी तुमच्या जागी असतो तर दोन एसी आत्ता लावले असते, डीसीसाठी चर खणतानाच रिकामा पाइप टाकून ठेवला असता, आणि डीसीसाठी जागा भाड्याने घेऊन स्वतःचा पैसा घालणाऱ्या कंपन्यांशी बोलणी सुरू केली असती. तसं केलंत तर करारात एक ओळ घाला: मीटरपासून चार्जरपर्यंतच्या कामाचं लायसन्स कुणाचं, आणि अपघात झाला तर पहिला फोन कुणाला.

आता तुमच्या तीन कोटेशनांवर. एकही जसंच्या तसं घेऊ नका. कंपनीच्या माणसाला चार्जर चालू करून द्यायला बोलवा, कारण वॉरंटी त्याच्या सहीवर असते. वायरिंग त्याला देऊ नका. वायरिंगसाठी कराड-सातारा भागातला, तासाभरात पोचेल असा लायसन्सधारक शोधा. पुण्याचा चांगला असेलही, पण रात्री नऊला पाहुण्याची मोटार लाल दिव्यावर अडकली तर तो पुण्यात असणार. जवळच्या लायसन्सधारकाला विचारा की याआधी कुठे चार्जर लावलेत, आणि त्या जागेच्या मालकाला स्वतः जाऊन भेटा. वर्षभर चाललेला चार्जर बघा, कालचा नको. त्याच्या माणसांचा विमा आहे का ते विचारा. त्याच्याकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), अर्थ टेस्टर आणि आरसीसीबी तपासायचं यंत्र आहे का, हेही विचारा. नुसता टेस्टर आणि क्लॅम्प मीटर घेऊन येणाऱ्याने हे काम घेऊ नये.

आणि तुमच्या वायरमनला बाजूला काढू नका. पंधरा वर्षांत कुठली वायर कुठून गेली ते फक्त त्यालाच माहीत आहे, कुठल्याही नकाशात ते नाही. त्याला लायसन्सधारकाच्या हाताखाली रोजावर ठेवा, पैसे नीट द्या. पुढे रोजची देखभाल तोच करणार आहे: दर महिन्याला आरसीसीबीचं बटण दाबणं, केबलचं इन्सुलेशन चिरलंय का बघणं, पाइपच्या तोंडाचं सील उंदरांनी काढलंय का बघणं. नियमानुसार चार्जिंग स्टेशनच्या मालकाला ठरावीक काळाने सुरक्षातपासणी करून तिच्या नोंदी ठेवाव्या लागतात, त्या वहीचा पहिला धनी तोच. हे काम शिकला तर त्याचंही भलं आहे.

पैशाचं: शेवटचे वीस टक्के हातात ठेवा. ते कधी द्यायचे? प्रत्यक्ष एक मोटार तासभर चार्ज झाल्यावर, आणि अर्थचं रीडिंग, इन्सुलेशनचं रीडिंग, आरसीसीबी किती मिलिसेकंदात पडते ते, केबलचा मार्ग दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, असे कागद तुमच्या फायलीत आल्यावर. केबलवर माती पडण्याआधी चराचे फोटो काढून ठेवा, फोनमधल्या तारखेसकट. चार वर्षांनी जेसीबीवाला येईल तेव्हा उपयोगी पडतील.

आधी एक काम करा. येत्या शनिवारी रात्री आठ ते दहा, हॉटेल भरलेलं असताना, तुमच्या वायरमनला दर अर्ध्या तासाने मेनवर क्लॅम्प मीटर लावायला सांगा. तिन्ही फेजचे अँपिअर, न्यूट्रलचे अँपिअर, आणि न्यूट्रल-अर्थमधले व्होल्ट. पाच वेळचे आकडे, मागच्या बारा महिन्यांच्या बिलांतली युनिटं आणि डीपीच्या पाटीचा फोटो एवढं इथे टाका. केबल किती जाडीची आणि कनेक्शन वेगळं की आहे तेच, हे मग मी तुम्हाला अंदाजाने नाही, आकड्याने सांगतो.